रिकाम्या खोलीतली बेल

विष्णुपंत गेले तेव्हा ज्येष्ठ निवासातल्या आमच्या सगळ्या आया हॉलमध्ये बसून टॅबलेटवर बोट कसं दाबायचं ते शिकत होत्या. शिकवत मी होतो. धोंडुबाईंचं बोट भांडी आणि फडकी यांत भिजून इतकं खरबरीत झालेलं, की ते बोट आहे हेच टॅबलेटला पटेना, आणि मी चिडून त्यांना पदराला हात पुसायला सांगत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची पाच नंबरच्या खोलीची बेल वाजली. थोडं थांबून परत वाजली. चंद्रावतीबाई उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा हो, दोन मिनिटांत संपतंय." माझं शिकवणं आजवर कधी दोन मिनिटांत संपलेलं नाही, तेव्हाही संपलं नाही. आम्ही वर गेलो तर विष्णुपंतांचा अंगठा बटणावर होता आणि ते गेलेले होते.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या वयाचं हृदय, तुम्ही शेजारी असता तरी काही करू शकला नसता. खरं असेल. पण रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या निवासातून तोवर एकही माणूस एकटा गेला नव्हता, आणि हे सगळं चंद्रावतीबाईंमुळे होतं. बाई कासू गावाच्या पलीकडच्या खाडीकाठच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. कुणाचं जास्त झालं की त्या एक प्लॅस्टिकचं स्टूल ओढायच्या, त्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि बसायच्या. बस, एवढंच. जप नाही, औषध नाही. त्यांच्या गावात तशी रीतच होती. मरणाऱ्याजवळ शेजारपाजारचं कुणीतरी बसतं, पोटचं पोर बसत नाही. पोरानं हात धरला की जीव त्याच्यात अडकतो म्हणे. आणि एकदा बसलेल्या माणसानं जागा मोकळी सोडायची नाही. दुसरं कुणी येऊन त्याच जागेवर टेकलं की मगच उठायचं.

मी या सगळ्याला हसायचो. मी पेणचा, रामवाडीत राहणारा, आईबाप दोघंही मास्तर, घरात देवापेक्षा शब्दकोश जास्त. पण हसलो तरी मला ते हवं होतं. कारण आमच्याच नऊ नंबरच्या खोलीत माझी आई होती. आनंदीबाई. ती घरात पडली, मांडीचं हाड मोडलं, बायको शाळेत आणि मी रोह्यात, मग तिला मी ज्या जागेचा मॅनेजर होतो तिथेच आणून ठेवली. दिवसभर डोळ्यांसमोर राहील असं सगळ्यांना सांगितलं. प्रत्यक्षात दिवसातून चार वेळा तिच्या दारावरून घाईघाईने जायचो आणि ती आतून म्हणायची, "साहेब गेले वाटतं." पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. म्हणाली, "अंबरीश, माझी वेळ येईल तेव्हा चंद्रा जवळ असू दे. तू नको, तू रडशील आणि मला तुझीच काळजी लागेल." मी हो म्हटलं.

आता टॅबलेटचं सांगतो. आमचं निवास ज्या कंपनीने घेतलं तिचं डेन्मार्कमध्ये असंच एक निवास आहे. गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. खाटा तेवढ्याच, म्हातारे साधारण त्याच वयाचे. फरक एवढाच की तिथली एक बाई जेवढी माणसं सांभाळते तेवढ्यांना आमच्याकडे तीन बायका लागतात. हा आकडा मुंबईच्या ऑफिसातल्या एका माणसाने मला पडद्यावर दाखवला, शेजारी शेजारी आलेखाचे दोन खांब काढून. त्यांचा खांब नारळाच्या झाडासारखा, आमचा तुळशीएवढा. मी भांडलो. म्हटलं, त्यांच्याकडे माणूस उचलायला यंत्र आहे, आंघोळीला यंत्र आहे, जेवण डब्यात बंद होऊन येतं. आमच्याकडे माणूस उचलायला दोन बायका लागतात, आणि आंघोळ घालताना चंद्रावतीबाई डोक्याला तेल लावतात आणि नातीच्या लग्नाची चौकशी करतात, वेळ लागणारच. तो माणूस शांतपणे म्हणाला, "तेच तर मोजायचंय." म्हणून टॅबलेट. प्रत्येक काम सुरू करताना एक बटण दाबायचं, संपवताना एक. तिमाही संपली की सहांतल्या दोन आया कमी करायच्या, ज्यांचा आकडा सर्वांत खाली त्या.

सर्वांत खाली चंद्रावतीबाई होत्या. बसण्याला टॅबलेटवर बटणच नव्हतं.

विष्णुपंतांना जाऊन आठवडा झाला असेल. दिवेलागणीची वेळ, विष्णुपंत गेले तीच. मी खालच्या बोर्डाशी उभा राहून कुणाशी तरी फोनवर वाद घालत होतो. बोर्डावर पाचचा दिवा लागला आणि बेल वाजली. थोडं थांबून परत वाजली. पाच नंबर रिकामी होती, गादीसुद्धा गच्चीवर उन्हात टाकलेली. मी शिवा वायरमनला बोलावलं. त्याने बटण बदललं, वायर बदलली, भिंत थोडी फोडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बेल परत वाजली. तिसऱ्या दिवशी शिवा हत्यारं गोळा करत म्हणाला, "सर, लाईनीत काय नाय. पैसे नको मला याचे." आणि जिना उतरून गेला तो मागे वळून न बघता.

भुताखेताचं मला काही वाटलं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मला खरी धास्ती आकड्याची होती. बेल वाजली की यंत्र घड्याळ सुरू करतं, आणि कुणी जाऊन खोलीतलं बटण दाबेपर्यंत ते चालू राहतं. रिकाम्या खोलीत कोण जाणार? आया जिन्याशी घुटमळायच्या. पाच नंबरचं घड्याळ पाऊण पाऊण तास चालायचं आणि आमचा तुळशीएवढा खांब आणखी खुजा व्हायचा. मेलेल्या माणसामुळे जिवंत बायकांच्या नोकऱ्या जाणार होत्या, आणि हे वर कळवायचं तरी कोणत्या शब्दांत?

चंद्रावतीबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. एका संध्याकाळी बेल वाजल्याबरोबर त्या स्टूल घेऊन पाचमध्ये गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या उघड्या लोखंडी खाटेशी बसल्या होत्या, हात पालथा करून पट्ट्यांवर ठेवलेला, जणू त्याखाली दुसरा हात आहे.

"काय करताय?" मी दारातून विचारलं. आत पाय टाकायचं माझं धाडस झालं नाही, हे कबूल करतो.

"बसलेय. तवा बसायचं ऱ्हायलं होतं ना."

"आणि हे मी यंत्रात काय म्हणून लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा, सर. माजं ह्ये."

अर्ध्या तासाने धोंडुबाई धीर करून आल्या, स्टूलावर टेकल्या, मग चंद्रावतीबाई उठल्या. त्या दिवसापासून त्या रोज तिथे बसू लागल्या आणि बेल एकदाच वाजून थांबू लागली. महिन्याभराने ती वाजेनाशीच झाली. विष्णुपंत गेले असावेत. पण त्या महिन्याभरात बाईंचा आकडा इतका खाली घसरला, की मुंबईहून त्यांच्या नावासकट मेल आलं. तिमाही संपायला थोडेच दिवस उरले होते. मी आईच्या खोलीत गेलो तर बाई तिची वेणी घालत होत्या. आई डोळे मिटून हसत होती. मी तसाच मागे फिरलो.

त्याच आठवड्यात डेन्मार्कच्या निवासाची मॅनेजर पडद्यावर भेटली. कंपनीचा आग्रह, की मी तिच्याकडून शिकावं. तिचं नाव किर्स्टन. माझ्याच वयाची, पिंगट केस, डोळ्यांखाली काळं. तासभर तिने मला यंत्रं दाखवली. जमिनीत तारा आहेत, म्हातारा पडला की जमीनच कळवते. शेवटी मी थकून, चिडून, आणि थोडं तिची खोड काढायला विचारलं, "हे सगळं ठीक. पण तुमच्याकडे रिकाम्या खोल्यांच्या बेल वाजतात का हो?"

मला वाटलं ती हसेल. ती उठली, तिच्या ऑफिसचं दार लावून आली आणि बसली.

"रिकाम्या खोल्यांच्या बेल आम्ही काढून ठेवतो," ती म्हणाली. "माणूस गेला की त्याच दिवशी, पहिलं काम तेच. आमच्या आधीच्या मॅनेजरने घालून दिलेला नियम आहे. कारण कुणी विचारत नाही."

त्या नारळाच्या झाडाएवढ्या खांबात इतकं सगळं होतं आणि बेल काढून ठेवणंही होतं.

"एक खोली सोडून," ती पुढे म्हणाली. "तिथली बेल मी काढलेली नाही. ती खोली दुरुस्तीला आहे असं कागदावर दाखवलंय. माझी आई होती तिथे. इंगर. दुपारी जेवणं झाली की ती वेळ येते. आई गेली तेव्हा मी याच इमारतीत होते, मीटिंगमध्ये. आताही त्या वेळेला मीटिंगच असते. मी ऐकते आणि बोलत राहते."

तिची दुपार म्हणजे आमची दिवेलागण. मी तिला चंद्रावतीबाईंचं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही, दोन पोरांनी एकमेकांना आपली जखम दाखवावी तसं काहीतरी झालं. तिने विचारलं, "ती बाई पडद्यावरून बसेल का?"

चंद्रावतीबाईंना हे समजावताना मला घाम फुटला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "आईचं नाव काय त्यांच्या?" आणि "मराठी कळल का तिला?" मी म्हटलं, इंग्रजीसुद्धा कळत नसेल. "मग बरं हाय," त्या म्हणाल्या, "माज्या मनाला येल ते बोलीन."

खालच्या चादरींच्या खोलीत लॅपटॉप मांडला. तिकडे डेन्मार्कमध्ये किर्स्टनने आईच्या खाटेसमोर एक टॅबलेट उभा केला. पडद्यावर पांढरी चादर घातलेली खाट, बाजूला रिकामी खुर्ची, खिडकीत पानं झडलेलं एक झाड. बाईंनी हेडफोन कानाला लावला, स्टूलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले. "काय गो इंगरबाय, जेवलीस का?" म्हणाल्या. मला हसू आलं आणि काटाही आला. त्या संध्याकाळी किर्स्टनचं एका ओळीचं मेल आलं. आज बेल वाजली नाही.

किर्स्टनने त्याला सेवेचं नाव दिलं, "दूरसोबत", आणि डेन्मार्कच्या दराने पैसे लावून तो खर्च कागदावर आणला. मुंबईच्या माणसाने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज आनंदाने चिरकत होता. अष्टमीतल्या एका आयेचा आकडा एका रात्रीत डेन्मार्कच्या बायकांच्या वर गेला होता. मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, बाई तीच, स्टूल तेच, मांडीवर हात ठेवून गप्प बसणंही तेच. विष्णुपंतांसाठी बसली तेव्हा शून्य धरलंस, आता किर्स्टनच्या आईसाठी बसली तर झाड गगनाला गेलं. पण तोंडाने मी थँक्यू म्हटलं. त्या तिमाहीत कुणालाच कमी न करायचं ठरलं. चंद्रावतीबाईंची नोकरी वाचली होती आणि आईला दिलेला शब्दही वाचला होता. त्या दिवशी मी स्टेशनवरून पेढे घेऊन गेलो आणि सगळ्यांना वाटले.

मग किर्स्टनने आणखी तीन खोल्यांच्या बेल जोडल्या. तिला राहवलं नसावं. सकाळी अकरापासून बाई चादरींच्या खोलीत असायच्या, एकामागून एक खाटांसमोर, आणि दिवेलागणीला शेवटी इंगरबाईंसमोर. आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्याला तेल लागेना. राजीनामा देऊन गेलेल्या एका आयेची जागा कंपनीने भरलीच नाही, कारण खांब आता उंच दिसत होता.

आई खंगत चालली. जेवण दोन घासांवर आलं. एकदा मी तिला भरवत होतो, आणि मला ते नीट येत नाही, तेव्हा तिने तोंड फिरवलं.

"चंद्रा कुठाय?"

"कामात आहे, आई."

"माझ्याजवळ असायची ते काय होतं मग?"

मी तिला सगळं सांगितलं असतं तर ती हसली असती, मास्तरीणबाईंना असल्या गोष्टी फार आवडायच्या. पण मला सांगवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या वेळेला येतील त्या. मी सांगितलंय." ती म्हणाली, "वेळ काय पत्र पाठवून येते का?" आणि डोळे मिटून घेतले.

ज्या दिवशी ती वेळ आली त्या दिवशी एका आजोबांना घेऊन एक आया दवाखान्यात गेली होती, एक सुट्टीवर, एक न्हाणीघरात एका आजींना घेऊन, आणि धोंडुबाई वरच्या मजल्यावर पार दुसऱ्या टोकाला जेवणं वाढत होत्या. दिवे नुकतेच लागले होते. बोर्डावर नऊचा दिवा लागला. मी धावलो. आईचा श्वास तुटत होता, मधेच थांबायचा आणि मग लांबून परत यायचा. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला. जोर नव्हता, तरी काढून घेतला.

"तू नको रे बाळ," ती म्हणाली. "चंद्राला बोलव."

मी चादरींच्या खोलीत गेलो. बाई इंगरबाईंशी काहीतरी पुटपुटत होत्या. माझा चेहरा बघून त्या समजल्या, पण उठल्या नाहीत.

"उठा," मी म्हटलं. "आई बोलावतेय."

"तुम्ही बसा हितं. मगच उठते."

"अहो, तिथे कुणी नाहीये! रिकामी खाट आहे ती! हजारो मैलांवर!"

"मंग बसाया काय भिताव?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जागा मोकळी सोडून मी त्यांच्याकडं गेले तर ते बसणं खरं व्हईल का, सर? बसा."

वाद घालायला वेळ नव्हता. मी स्टूलावर बसलो. त्यांनी हेडफोन माझ्या कानावर चढवला, तो त्यांच्या कानाच्या उबेने गरम होता. त्यांची पावलं जिन्यावर गेली.

मी चरफडत होतो. पडद्यावर ती पांढरी चादर, ते झाड, करडं आभाळ. ठरवलं की शंभर मोजायचे आणि उठायचं. मग मला हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. आधी वाटलं माझाच आहे. मी माझा श्वास रोखला. तो चालूच राहिला, हलका, म्हाताऱ्या बाईचा असतो तसा, मधेच किंचित घशात अडकणारा. मला भीती वाटली. आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. चादरीला एक सुरकुती होती, ती मघाशी होती की नव्हती ते मला आठवेना.

मी स्टूलावरून अर्धा उठलो. तिथे, त्या समुद्रापलीकडच्या घरात, खाटेवरचा लाल दिवा लागला आणि बेल वाजली. मी बसलो. दिवा विझला. मी पुन्हा उठायचा प्रयत्न केला. पुन्हा दिवा. मी धोंडुबाईंना हाका मारल्या, वर ताटांचा आवाज होता, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मोबाईल ऑफिसच्या टेबलावर राहिला होता. दाराबाहेर कॉरिडॉर, कॉरिडॉरच्या टोकाला जिना, जिन्याच्या वर माझी आई. आणि मला उठता येत नव्हतं. कुणी बांधलं नव्हतं मला. पण एका बाईने बटणावर अंगठा ठेवून वाट बघितली होती, तेव्हा मीच दुसऱ्या बाईला बसा हो म्हणालो होतो... नाही, ते विष्णुपंत होते. माझ्या डोक्यात सगळे एक झाले होते.

"इंगरबाई," मी मराठीतच म्हणालो, "माझी आई जातेय. मला सोडा."

श्वास तसाच चालू राहिला. बेल वाजली नाही, पण मी उठलोही नाही. मी बोलायला लागलो. काय बोलत होतो ते थोडंथोडं आठवतं. पेणच्या घराच्या गच्चीवर आई पोह्याचे पापड वाळत घालायची आणि मला राखणीला बसवायची, मी तिथेच झोपी जायचो आणि कावळे निम्मे पापड पळवायचे, आणि ती कधी मारायची नाही, उरलेले मोजून म्हणायची, कावळ्यांची चांगली सोय केलीस. शाळेत ती मला नावाने हाक मारायची नाही, आडनावाने मारायची, आणि घरी येताना कोपऱ्यावर वळलं की हात धरायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. एका अनोळखी, मेलेल्या, मराठी न कळणाऱ्या बाईला मी रडत रडत माझी आई सांगत होतो, आणि ती ऐकत होती. ती ऐकत होती याबद्दल मला आजही शंका नाही.

पडद्यावर दार उघडलं. किर्स्टन आत आली. खाली कुणीतरी तिला सांगितलं असावं की बेल वाजली. पडद्यावर चंद्रावतीबाईंऐवजी मी, लाल डोळ्यांचा, बघून ती थबकली.

"माझी आई," मी एवढंच म्हणालो, आणि वर बोट केलं.

तिला रीत माहीत होती, मीच कधीतरी गमतीने सांगितली होती. ती खाटेजवळ गेली, तिथली खुर्ची ओढली आणि बसली. पहिल्यांदाच बसली ती तिथे. हात चादरीवर ठेवला. "आता मी आहे," ती म्हणाली. "तुम्ही उठा."

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. नऊ नंबरमध्ये दिवा मंद केलेला होता. चंद्रावतीबाई आईचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. "आत्ताच गेल्या," त्या म्हणाल्या. "शांत गेल्या. तुमची चौकशी केली. म्हनल्या, तो काय करतोय? मी सांगितलं, माज्या जागेवर बसलाय. तर हसल्या." मग त्या थांबल्या, माझी वाट बघत. मी स्टूलावर टेकलो तेव्हा उठल्या.

दिवस-कार्य सगळं पेणला झालं. मी कामावर परत आलो त्या दिवशी दिवेलागणीला बोर्डाखाली जाऊन उभा राहिलो. कुणाला काही सांगितलं नाही. नऊचा दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी शिवाला बोलावलं आणि नऊची लाईन तपासायला सांगितली. त्याने बटण दाबलं, खाली बेल खणखणीत वाजली. "एकदम ओके हाय, सर," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघून गेला.

आई सोबतीने गेली होती. तिचं काही राहिलं नव्हतं. मला याचा आनंद व्हायला हवा होता आणि मी बोर्डाखाली उभा राहून मनात म्हणत होतो, एकदा वाजव. एकदाच वाजव, मी येतो, या खेपेला मी येतो.

किर्स्टन आता रोज दुपारी मीटिंगमधून उठून स्वतः बसते. बाकीच्या खोल्यांसाठीही तिने तिथल्याच दोन बायकांचा थोडा थोडा वेळ काढलाय. तिचा खांब उतरलाय, आणि दूरसोबत बंद झाल्याने चंद्रावतीबाईंचाही पार तळाला गेलाय. मुंबईहून पुन्हा त्यांच्या नावासकट मेल आलं. मी उत्तर लिहिलं की बाई राहतील, कुणाला कमी करायचंच असेल तर मॅनेजरला करा, तो इथलं सर्वांत कमी काम करतो. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

काल संध्याकाळी मी नऊमध्ये गेलो. अजून कुणाला दिलेली नाही ती खोली. खाटेवर बसलो. उशाशी ते बटण होतं, आईच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेलं. मी ते दाबलं. खाली बेल वाजल्याचं ऐकू आलं. थोडं थांबून मी परत दाबलं.

जिन्यावर पावलं वाजली. चंद्रावतीबाई दारात आल्या, मला पाहिलं, खाट पाहिली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.